रिकामा खिळा

शांतवनकाकांच्या मागे कुणी चालायचं नाही, असा आमच्या यात्रेत नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. पण चाळीस-पंचेचाळीस माणसांची रांग पिंपरीहून निघाली की सगळ्यांत शेवटी काका, आणि काकांच्या मागे फक्त रस्ता. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला, कुणाला आडोशाला जायचं झालं, तर काका तिथेच पाठ फिरवून उभे राहायचे. तो माणूस आवरून त्यांच्या पुढे गेला की मगच पाऊल उचलायचे. आणि चालताना कधीही मागे वळून बघायचे नाहीत. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "काका, तुमच्या पवित्र शास्त्रातली ती बाई मागं बघून मिठाचा खांब झाली, तिची धास्ती घेतलीत का काय?"

"तिला जळतं गाव बघायचं व्हतं," काका म्हणाले. "माझ्या मागं गाव न्हाई. मानूस हाय."

मी हसलो. तेव्हा मी बऱ्याच गोष्टींना हसायचो.

'आमची यात्रा' म्हणतो खरा, पण मी ख्रिस्ती नाही. आमचं घर बौद्ध. भुतंखेतं, उतारे, देवऋषी हे सगळं आईनं माझ्या जन्माआधीच उंबऱ्याबाहेर काढलं होतं. पुढे मी कंपनीत क्वालिटीला लागलो आणि उरलंसुरलंही गेलं. जे व्हर्नियरच्या, म्हणजे आमच्या मापाच्या हत्याराच्या, जबड्यात मावत नाही ते पास करायचं नाही, हा माझा धर्म. बायको म्हणते, तुम्ही भाकरीसुद्धा गेज लावून खाता. तर अशा माणसानं शांतवनकाकांबद्दल लिहावं हा जरा उलटाच प्रकार आहे. पण जे लिहितोय त्यातलं बरंचसं माझ्याच हातून झालं, म्हणून लिहिणं भाग आहे.

काका आमच्या कंपनीचं टूलस्टोअर सांभाळायचे. कंपनी पिंपरीत होती तेव्हापासून. ती चाकणला गेली तसे तेही गेले. टूलस्टोअरची पद्धत जुनी आणि साधी. प्रत्येक कामगाराकडे आपल्या नंबराचे चार-पाच पितळी बिल्ले. ड्रिल, गेज, पाना जे हवं ते घ्यायचं आणि त्याच्या जागी खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत. पुढे कॉम्प्युटर आला, बारकोड आला, तरी काकांनी खिळे उपटू दिले नाहीत. "खिळा खोटं बोलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

एकदा दुसरी शिफ्ट सुटताना एका खिळ्यावर बिल्ला तसाच राहिला. लेथच्या चकाची, म्हणजे जॉब धरून गरगर फिरणाऱ्या पकडीची, चावी परत आली नव्हती. ज्याचा बिल्ला तो म्हणे, मी दिली. काकांनी स्टोअरची जाळी ओढली नाही, सुपरवायझरच्या कागदावर सही केली नाही, स्टुलावर हाताची घडी घालून बसले. बाहेर बसेस हॉर्न मारतायत, आत मॅनेजर ओरडतोय, की एका चावीपायी दोनशे माणसं अडकवता का? काका म्हणाले, "साहेब, मानसं घरी आन् हत्यार बाहेर, असं चालत न्हाई." शेवटी चिडून सगळे शोधायला लागले. चावी एका लेथच्या चकातच खोचलेली सापडली, वरून पुसायचं फडकं पडलं होतं. पुढच्या शिफ्टच्या माणसानं मशीन चालू केलं असतं, तर ती गोळीसारखी सुटून त्याच्या छातीत बसली असती. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. काकांनी बिल्ला काढून ज्याचा त्याला दिला आणि म्हणाले, "चला, आता घरी."

माणूस काटकुळा, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि पायात कायम कंपनीचे सेफ्टी शूज. रिटायर झाल्यावरसुद्धा. चर्चमध्ये, लग्नात, भाजी आणायला, सगळीकडे ते टाचेला लोखंडी नाल ठोकलेले जोडे टक टक करत जायचे. त्यांची मुलगी रूथ वैतागायची. पिंपळे सौदागरला तिचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट, चकचकीत फरशी, त्यावर हे जोडे. तिनं हलके चालायचे बूट आणून दिले. काकांनी ते वॉचमनला देऊन टाकले. "पाय जड असलेले बरे," ते मला म्हणाले, "मानूस पळत न्हाई." हे मला अर्धवटपणाचं वाटलं. त्याचा अर्थ कळायला चार वर्षं गेली.

जेवणाआधीची त्यांची प्रार्थनाही मला आवडायची, कारण तेवढ्यात डाळ थंड व्हायची नाही. "बापा, आहे ते पुरे. आमेन." संपलं. यात्रेला त्यांच्याकडे एकच कापडी पिशवी. तीत एक टॉवेल, एक सदरा, तिखट-मिठाची पुडी आणि चष्म्याचं एक जुनं घर. बाकीच्यांच्या बॅगा टेम्पोत रचलेल्या असायच्या. गाद्या काय, पॉवर बँका काय. काका त्या ढिगाकडे बघून म्हणायचे, "द्येवाला दावायला लाज वाटनार न्हाई येवढंच वझं घ्यावं."

मी या यात्रेत शिरलो ते साखरेमुळे. रिपोर्ट आला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काका तेव्हा काळेवाडीत आमच्याच गल्लीत राहायचे. म्हणाले, "मिलिंद, गल्लीतल्या कुत्र्यांभोवती गिरक्या घेन्यापरीस आमच्याबरोबर चाल. तुझी साखर बी जाईल आन् पाप बी." यात्रा म्हणजे नगरकडच्या एका गावी माउलीच्या देवालयापर्यंत सहा दिवसांची चाल. माउली म्हणजे मारिया, येशूची आई. त्या भागातून पोट भरायला पिंपरीच्या कारखान्यांत आलेली ही ख्रिस्ती घरं, दर सप्टेंबरात पायी पाहुण्यासारखी माघारी जातात. काकांचा आजा चालला, बाप चालला, काका चालले. रूथ बसनं जाते. "पप्पा, देव काय बसनं आलं म्हणून रागावतो का?" असं ती दर वर्षी विचारायची. काका म्हणायचे, "द्येव न्हाई गं रागवत. पर बसमधनं मागचं मोजता येत न्हाई."

मोजायला त्यांनी टूलस्टोअरचीच रीत आणली होती. एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. सकाळी निघताना प्रत्येकानं आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, मुक्कामाला पोचलं की परत अडकवायचा. एकही खिळा रिकामा असला तर काका जेवायचे नाहीत. लोक हसायचे, पण बिल्ला बिनचूक अडकवायचे. शंभरांतल्या नव्याण्णव मेंढरांना सोडून एका हरवलेल्यामागे गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते. काका तीच गोष्ट खिळे ठोकून सांगत होते.

फळीच्या कोपऱ्यात एक शेवटचा खिळा होता. त्याला नंबर नव्हता. त्याच्यावरचा बिल्लाही वेगळा, जुना. झिजून झिजून गुळगुळीत झालेला, नंबर पुसलेला. निघताना काका तो बिल्ला चष्म्याच्या घरात ठेवायचे. पहिल्या दिवशी दुपारी मोशी सोडून, इंद्रायणीचा पूल ओलांडून कुरुळीत आलं की रस्त्याकडेला एक जुना मैलाचा दगड लागतो. रस्ता रुंद झाला तसा तो पार गटाराच्या काठाला आलाय, शेजारी पंक्चरचं दुकान. काका चालता चालता तो बिल्ला त्या दगडावर ठेवायचे आणि न थांबता पुढे निघायचे.

आणि संध्याकाळी, चाकणच्या शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तो बिल्ला फळीच्या शेवटच्या खिळ्यावर असायचा.

कुणी अडकवला ते कधी दिसलं नाही. बिल्ले अडकवायची झुंबड असायची, कुणी पाणी मागतंय, कुणाला फोड आलेत. तेवढ्यात कधीतरी तो तिथे आलेला असायचा. मी पहिल्या वर्षी म्हटलं, म्हातारा हातचलाख आहे. ठेवल्यासारखं करतो आणि उचलून आणतो. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या अगदी पुढ्यात चाललो, मान वळवून वळवून त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी दगडावर बिल्ला ठेवला तो मी पाहिला. हात मोकळा झाला तोही पाहिला. संध्याकाळी बिल्ला खिळ्यावर. त्या रात्री मला झोप चांगली लागली नाही, आणि त्याचा मला रागच आला.

तिसऱ्या वर्षी इंद्रायणीच्या पुलावर काकांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील लूकस पिंपरीत फाउंड्रीत होते. पायावर लोखंडाचा जॉब पडून पाय अधू झाला, तरी यात्रा सोडली नाही. काका तेव्हा नऊ वर्षांचे. बाबा पाय ओढत रांगेच्या शेवटी, आणि पोरानं त्यांचा हात धरून चालायचं, हे पोराचं काम. "आई बजावून सांगायची, काय बी झालं तरी हात सोडू नगंस."

कुरुळीच्या अलीकडे पुढून ढोलकीचा आवाज आला. त्या वर्षी कुणीतरी नवी ढोलकी घेतली होती. पोराला ती बघायची होती. चपला फटक फटक करून पळू देईनात.

"म्या चपला काढल्या, बाबांच्या हातात दिल्या आन् म्हनलं, बाबा, ढोलकी बघून आलोच. ते म्हनले, जा, म्या हितंच बसतो दगडावर." काका पुलाच्या कठड्याला हात लावून चालत होते. "ढोलकी लई भारी वाजत व्हती रं. चाकनला गेल्यावर आईनं इचारलं, बाबा कुठंयत? तवा ध्यानात आलं."

माघारी गेले तेव्हा दगडावर वडिलांचा हजेरीचा पितळी बिल्ला ठेवलेला होता. माणूस नव्हता. चपलाही नव्हत्या. विहिरी उपसल्या, नदीकाठ पालथा घातला. कुणी म्हणालं ट्रकनं उडवलं असेल, कुणी म्हणालं लंगड्या माणसानं संसाराला कंटाळून तोंड काळं केलं. त्या दिवशी रांग कुणी मोजलीच नव्हती. मोजली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं.

"ते मागनं येत्यात," काका म्हणाले. "पाय अधू हाय, वेळ लागतो. म्या शेवटी असलो म्हंजे त्यास्नी कळतं, आपल्याला सोडून कुनी गेलं न्हाई. फकस्त एकदा सुटला हात. दुसऱ्यांदा सुटता कामा नये."

हे सगळं त्यांनी रोजचं बोलावं तसं सांगितलं. मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण मनातला क्वालिटीवाला काही गप्प बसेना. म्हातारा स्वतःलाच फसवतोय, असं मला वाटत राहिलं. आणि फसवणूक उघडी पाडणं म्हणजे उपकार करणं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

चौथ्या वर्षी माझी नेमणूक पाण्यावर होती. कुरुळीच्या त्या पंक्चरच्या दुकानापाशी टेम्पो लावून सगळ्यांना पाणी द्यायचं, रांग पुढे गेली की कॅन भरून टेम्पोनं चाकणला जायचं. दुकान सलीमभाईंचं. वीस वर्षं तिथे असलेला माणूस. मी सहज विचारलं, "भाई, आमचे काका दगडावर बिल्ला ठेवतात, तो उचलतं कोण?"

सलीमभाई ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते. "पता नहीं, साहब. मैं देखता नहीं." मग मराठीत म्हणाले, "तुम्ही पण बघू नका."

काका आले, पाणी प्यायले, बिल्ला ठेवला आणि गेले. टक टक आवाज दूर गेला. मी जाऊन बिल्ला उचलला. सप्टेंबरचं कडक ऊन होतं, दगडाला हात लावला तर चटका बसत होता. बिल्ला मात्र विहिरीतून काढल्यासारखा गार होता. मागून सलीमभाई म्हणाले, "रख दो, साहब." मी तो खिशात टाकला.

त्या संध्याकाळी शेडमध्ये त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बिल्ले लागले आणि शेवटचा खिळा रिकामा राहिला. काका फळीसमोर उभे होते. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. पंगत बसली, उठली. ते हलले नाहीत. एकदा त्यांनी त्या खिळ्याला बोट लावून पाहिलं, अंधारात चाचपावं तसं. चेहरा म्हाताऱ्याचा राहिला नव्हता. चूक केलेल्या पोराचा झाला होता.

माझ्या तोंडाशी आलं होतं. चाळीस माणसांसमोर कबूल करायची लाज वाटली, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं लिहायला जड जातं: मला बघायचं होतं, की आता हा माणूस कुठून दुसरा बिल्ला काढतो.

दिवस मावळता मावळता काकांनी पिशवी उचलली. "बाबा मागं ऱ्हायले," एवढंच म्हणाले आणि कुरुळीकडे माघारी चालू लागले. दोघे-तिघे त्यांना अडवायला धावले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. चाकणच्या चौकातल्या कंटेनरच्या गर्दीतही तो टक टक आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला. किंवा तसं वाटलं.

सकाळच्या प्रार्थनेला सगळे उभे असताना ते परतले. ओठ निळे, सदरा भिजलेला. पाऊस तर नव्हता. सरळ फळीपाशी गेले आणि शेवटच्या खिळ्यावर बिल्ला अडकवला. "घावले," म्हणाले.

माझा हात खिशात गेला. बिल्ला तिथेच होता.

त्या रात्रीपासून काकांची छाती भरली ती पुन्हा मोकळी झालीच नाही. रूथनं त्यांना आपल्याकडे नेलं. मला वर्षभर तोंड दाखवायचा धीर झाला नाही. पुढच्या यात्रेच्या आधी काकांनीच बोलावणं धाडलं. अकराव्या मजल्यावर खुर्चीत बसले होते, पायात घरातसुद्धा जोडे, आणि फ्लॅटचं दार सताड उघडं. रूथ म्हणाली, "लावू देतच नाहीत. म्हणतात, मागचे यायचेत."

ती चहा टाकायला आत गेल्यावर मी एका दमात बोलून टाकलं. "काका, गेल्या वर्षी बिल्ला मी उचलला होता. सगळी रात्र माझ्या खिशात होता. तुमचं हे दुखणं माझ्यामुळं."

"ठावं हाय," काका म्हणाले.

"सलीमभाईंनी सांगितलं?"

"बाबांनी." त्यांना धाप लागली, ती ओसरेपर्यंत थांबले. "म्हनले, त्या पोराच्या खिशात हाय. ऱ्हाऊ दे. त्यो बी वझं घेऊन चाललाय, त्याला बोलू नगंस."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच वेळी रडूही फुटलं. दोन्ही एकदम होतं हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी हात पुढे केला. मी खिशातला बिल्ला काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला आणि परत माझ्या मुठीत दिला. "फळी तू घेऊन जा. आता दोन हायेत. एक बाबांचा. दुसरा माझ्या कामी यील. शेवटी तू चाल. आन् मागं बघू नगं, त्यास्नी अवघडल्यावानी हुतं."

घरी येऊन मी फळीवरचा आणि खिशातला असे दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले आणि सवयीप्रमाणे व्हर्नियर काढला. जाडी सारखी. भोक सारखं. दोन्ही एकाच बाजूनं अंगठ्यानं झिजलेले, काठावर एकाच ठिकाणी तोच बारीक खळगा. तीस वर्षं टूलरूमशेजारी काढलेला माणूस नकली बिल्ला बनवू शकतो, हे मी मान्य करतो. झीज कशी बनवतो, ते मला सांगता येत नाही. दोन वस्तू इतक्या तंतोतंत निघाल्या की आम्ही क्वालिटीवाले आधी मापाच्या हत्यारावर संशय घेतो. मी व्हर्नियर तपासून आणला. तो बरोबर होता.

त्या यात्रेच्या आठ दिवस आधी काका गेले. रूथनं मला विचारलं, "जोड्यांचं काय करू? पेटीत घालू का?" मी म्हटलं, "नको. आता काढ." तिनं ते काढले आणि अनवाणी पायांवरून चादर ओढली. सत्तर वर्षांच्या माणसाचे पाय एवढे कोवळे कसे, म्हणून ती रडली.

यात्रा निघाली. शेवटी मी. आदल्या दिवशी मी स्वतःला दहादा बजावलं होतं, की तू फक्त एका म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळतोयस, बाकी काही नाही. कुरुळीत आलो. सलीमभाई दुकानातून बाहेर आले, मला पाहिलं, आणि पाठ फिरवून आत जाऊन बसले. मी दगडावर दोन बिल्ले शेजारी शेजारी ठेवले आणि चालू लागलो. मान ताठ. मागे कंटेनर, डंपर, कंपन्यांच्या बसेस. त्या गोंगाटात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं आणि मला काही ऐकू आलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो.

पाव-एक किलोमीटर गेलो असेन. पुढून रीना आली. ही रूथच्या सोसायटीतली मुलगी, आयटीत काम करणारी, यात्रेचं तिचं पहिलंच वर्ष. काकांना तिनं पाहिलेलंही नव्हतं आणि बिल्ल्याची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. त्या दिवशी मागच्या लोकांना पाणी द्यायचं काम तिच्याकडे होतं. नळावरून नुकतीच भरून घेतलेली स्टीलची मोठी बाटली तिच्या हातात होती. मला तिनं विचारलं, मी नको म्हटलं. मग ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "अंकल, मग मागच्या दोघांना देऊ का?"

मी थांबलो. "कोण दोघं?"

"ते काय, येतायत ना. एक काका आहेत, पाय ओढत चालतायत. आणि त्यांचा हात धरून एक लहान मुलगा." ती डोळ्यांवर हात धरून बघत होती. "अय्या, अनवाणीच आहे तो. त्याच्या चपला काकांनी हातात घेतल्यात. आपलेच आहेत ना?"

"आपलेच आहेत," मी म्हटलं. "दे."

ती माझ्या मागे गेली. नियमाप्रमाणे मी पाठ फिरवून उभा राहिलो. समोर आमची रांग पुढे पुढे जात होती आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे ती मला नीट मोजता येत नव्हती. मागे रीनाचा आवाज ऐकू आला, "सावकाश पी रे, ठसका लागेल."

थोड्या वेळानं ती परत माझ्या पुढे आली आणि बाटली माझ्याजवळ दिली. "धरता का जरा? बुटाची लेस सुटलीय. फार तहानलेले होते दोघंही."

बाटली रिकामी होती. रीना लेस बांधून पुढे गेली, तसं मीही पाऊल उचललं. जरा हळूच चालत राहिलो, कारण मागच्या माणसाचा पाय अधू होता.